पाच प्रती, पाच माणसं

वाचक पत्रात लिहितात :

"गेली ३० वर्षं मी अधूनमधून वहीत लिहीत आले. आईच्या आठवणी, मुलांच्या लहानपणीचे प्रसंग, काही कविता, आणि यजमान गेले त्या वर्षी रात्री-रात्री बसून लिहिलेलं बरंच काही. अशा ११ वह्या झाल्या आहेत. त्यातलं निवडून मुलगा, मुलगी, भाऊ, धाकटी बहीण आणि नात यांच्यासाठी पाच पुस्तकं स्वतःच्या हातानं करावीत, असं फार दिवसांपासून मनात आहे. पण वह्या काढून बसले की हात थांबतो. मी काही लेखिका नाही. हे कोण वाचणार? शिवाय बहिणीशी नऊ वर्षं अबोला होता, तेव्हाचं लिखाणही त्यात आहे. ते घालू की वगळू? आणि पुस्तक शिवणं मला या वयात जमेल का?"

ताई,

'हे कोण वाचणार?' असं तुम्ही विचारलंत. त्याच्या दोनच ओळी वर वाचणाऱ्यांची यादी तुमच्याच अक्षरात आहे. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नात. पुस्तक लिहिताना ते नेमकं कोणाच्या हातात पडणार हे फार थोड्यांना माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे 'मी लेखिका नाही' हा विचार इथे लागूच होत नाही. तुमच्या बहिणीला लेखिकेचं पुस्तक नको आहे, तिला तुम्ही लिहिलेलं हवं आहे.

माझ्या आत्यानं उतारवयात अशी एक वही केली होती. २४ पानं, घडीवर तीन टाके, वरून जाड खाकी कागद. ती माझ्याकडे आहे. आत्याच्या सावत्र आईबद्दलचं एक पान त्यात आहे. 'त्या मला वेणी घालत असत,' असं आधी लिहिलंय. मग 'त्या' हा शब्द एका आडव्या रेघेनं खोडलाय आणि वर बारीक अक्षरात लिहिलंय, 'आई'. पुढे पानभर 'आई'च आहे. खोडलेला 'त्या' अजून स्वच्छ वाचता येतो. त्या दोघींचं आयुष्यभराचं नातं मला त्या एका खाडाखोडीत जितकं कळलं, तितकं घरातल्या कोणाच्याही सांगण्यातून कळलं नव्हतं. ती वही कोणी नीटनेटकी टाइप करून दिली असती, तर नेमकं तेच गेलं असतं.

म्हणून पहिली विनंती : भाषा सुधारायला बसू नका. तुम्ही घरात जसं बोलता तसं वहीत उतरलं असेल, तर ते तसंच राहू द्या. चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलात तर हरकत नाही. पण 'मग मी तिला म्हटलं' याचं 'त्यानंतर मी तिला उद्देशून म्हणाले' करू नका. वाचताना मुलांना तुमचा आवाज ऐकू यायला हवा. भर घालायचीच असेल तर ती नावांची आणि सालांची घाला. वहीत तुम्ही नुसतं 'काका आले' असं लिहिलं असेल. तेव्हा ते पुरेसं होतं, तुमच्या नातीला पुरणार नाही. कोणते काका, कोणाचे कोण, साधारण कोणतं साल, हे पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे एकदा लिहा. साल नक्की आठवत नसेल तर 'धाकटा शाळेत जायला लागला त्याच्या आसपास' इतकं पुष्कळ झालं.

आता निवड. ११ वह्या समोर मांडून 'यातलं चांगलं कोणतं' असं शोधू लागलात तर हात पुन्हा थांबेल. त्याऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर पाचांपैकी एकाचं नाव लिहा. मग वह्या सलग वाचत जा. एखादं पान वाचताना 'हे तिनं वाचायला हवं' असं मनात आलं की तिच्या नावाची चिठ्ठी तिथे घाला आणि पुढे जा. लिखाण बरं की वाईट हे ठरवू नका, माणूस आठवतो की नाही एवढंच बघा. ज्या पानांवर एकही चिठ्ठी पडली नाही ती वहीतच राहतील. ती वाया गेली असं नाही, ती तुमची आहेत. आणि जिथे पाचही चिठ्ठ्या पडल्या, तो तुमच्या पुस्तकाचा समाईक भाग.

छापखान्यातून शेकडो प्रती काढायच्या तर त्या सगळ्या सारख्याच निघतात. तुमच्या पाचही एकसारख्या असण्याचं काही कारण नाही. ए-फोर आकाराचे आठ कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की ए-फाइव्ह आकाराची ३२ पानं होतात (पान म्हणजे इथे एक बाजू). त्यातले अगदी आतले दोन कागद म्हणजे १३ ते २० ही आठ पानं. बाहेरचे सहा कागद पाचही प्रतींत तेच ठेवा आणि आतले दोन प्रत्येकासाठी वेगळे करा. मुलाच्या प्रतीत त्याच्याविषयीचं, भावाच्या प्रतीत त्याच्या-तुमच्या लहानपणाचं. पुस्तक आपसूक उघडतं ते मधोमध, दोरा दिसतो त्या जागी. तिथेच ज्याचं त्याचं पान निघेल. ३२ पानं थोडी वाटतील, पण दर पानाला साधारण २०० शब्द धरले तरी सहा हजारांच्या घरात शब्द जातात. सगळ्या ११ वह्यांचं सार काढण्याच्या नादात पुस्तक होतच नाही, असं मी पाहिलं आहे. हे छोटं आधी होऊ द्या. दुसरं कधीही करता येईल.

बहिणीचा प्रश्न तुम्ही पत्रात मध्येच, ओझरता विचारला आहे. मला वाटतं वह्या काढल्यावर हात थांबतो तो तिथेच.

त्या नऊ वर्षांतलं जसंच्या तसं लिखाण पाचही प्रतींत घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वर्षांत तुम्हाला जे दुःख झालं ते तुमचं आहे, ते कोणालाही सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण रागाच्या भरात ती काय म्हणाली, तिच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, हे तिचं आहे. तोंडानं सांगितलं तर ती 'असं नव्हतं गं' म्हणू शकते. कागदाला उलटून उत्तर देता येत नाही, आणि तो कागद तुमच्या नातीच्या घरी पन्नास वर्षं राहील. तुमच्या नातीनं आपल्या मावशीआजीला आयुष्यभर त्या एका भांडणातून पाहावं, हे तुम्हालाही नको असेल.

म्हणून काही ती वर्षं पुसूनही टाकू नका. समाईक भागात त्या काळातले प्रसंग येत असतील तर एक साधं वाक्य पुरतं : 'त्या वर्षांत आम्ही दोघी बोलत नव्हतो.' ज्यांना माहीत आहे त्यांना ते खरं वाटेल, ज्यांना नाही त्यांना तेवढंच पुरे. आणि बहिणीच्या प्रतीत, तिच्या त्या आठ पानांत, आज नव्यानं एक पान लिहा. तेव्हाच्या वहीतून उतरवू नका. आज या वयात मागे वळून पाहताना तुम्हाला तिच्याविषयी काय वाटतं ते लिहा. मग शिवण्याआधी ते तिला वाचून दाखवा. समोर बसून जमत नसेल तर फोनवर. तिला रुचलं नाही तर तो कागद बदलता येईल, दोरा अजून पडलेला नाही. तेव्हाच्या वह्या फाडू नका, जाळू नका. त्या एका पिशवीत वेगळ्या ठेवा आणि तुमच्या पश्चात त्यांचं काय व्हावं हे वर चिठ्ठी लिहून सांगा. नाहीतर तो निर्णय मुलांवर पडेल आणि त्यांना फार जड जाईल.

यजमान गेले त्या वर्षाचं लिखाण मात्र घाला. सगळं नको, पण घाला. मुलांचेही वडील गेले होते. त्या वर्षी आई रात्री जागी असायची हे त्यांना बहुधा ठाऊक असेल, ती काय लिहीत होती हे ठाऊक नसेल.

हातानं लिहावं की टाइप करावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार आला असेलच. ३२ पानांच्या पाच प्रती म्हणजे १६० पानं. दुसऱ्या प्रतीपासूनच हात नकलाकाराचा होतो आणि अक्षर थकतं. समाईक भाग टाइप करा. प्रत्येक प्रतीत निदान एक पान मात्र तुमच्या हातानं, त्या माणसासाठी लिहा. मूळ वहीतलं एखादं पान जसंच्या तसं दाखवायचं असेल तर ते ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून छापा, वही फाडू नका. टाइप करताना अक्षर १३-१४ पॉइंटचं ठेवा आणि दोन ओळींत मोकळी जागा सोडा. देवनागरीत वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असतात, ओळी दाटल्या की ते एकमेकांत घुसतात. फाँट निवडताना 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेवढं बघा.

कागद आणि शाई यांत कंजुषी करू नका, कारण इथे प्रश्न टिकण्याचा आहे. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो, कारण लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य त्यात तसंच राहिलेलं असतं आणि उजेड-हवेनं ते काळवंडतं. कागदात आम्ल असेल तर तो पिवळा पडतोच, शिवाय ठिसूळही होतो. म्हणून 'आम्लमुक्त' असा स्पष्ट उल्लेख असलेला, ९० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या. 'आयएसओ ९७०६' असं लिहिलेलं आढळलं तर फारच उत्तम, ते टिकाऊ कागदाचं मानक आहे. छपाई लेझर प्रिंटरवर करा, किंवा पिगमेंट शाईच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईच्या, प्रिंटरवर. साधी, विरघळलेल्या रंगाची (डाय) शाई उजेडानं फिकी पडते आणि ओल्या बोटानं फुटते. हातानं लिहायचं पानही पिगमेंट शाईच्या पेनानंच लिहा. फोटो चिकटवू नका, त्याच कागदावर छापा. आणि सेलोटेप कुठेही, कशासाठीही नको. तिचा चिकट थर कागदात मुरतो आणि पिवळे-तपकिरी डाग कायमचे राहतात.

पानांचा क्रम लावताना गोंधळ उडतो, त्याला एक सोपा हिशोब आहे. दुमडण्याआधी कागदाच्या एका बाजूला शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांहून एक जास्त असते. ३२ पानांच्या वहीत ती ३३. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला डावीकडे ३२ आणि उजवीकडे १, त्याच्या पाठीवर २ आणि ३१. अशी कागदागणिक बेरीज करून बघितली की चूक लगेच सापडते. प्रिंटरच्या मेनूत 'बुकलेट' हा पर्याय असेल तर तो हे आपोआप करतो. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटण्याची सूचना द्या, नाहीतर मागची पानं उलटी येतात.

एक गोष्ट दुकानातही सहसा कोणी सांगत नाही. कागदाला धार असते. त्यातले तंतू एका दिशेनं पडलेले असतात. त्या दिशेनं दुमडला तर तो निमूट दुमडतो, आडवा दुमडला तर घडी फुटते आणि वही मिटून ठेवली तरी पानं वर येत राहतात. कागद न मोडता नुसता वाकवून बघा, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. जिकडे कमी जोर लागतो ती घडी धारेबरोबरची. बाजारातल्या ए-फोर कागदाची धार बहुतेकदा लांबीच्या बाजूनं असते, म्हणजे आपल्या घडीला नेमकी आडवी. पातळ कागदाला ते एकवेळ चालून जातं. अगदी नीट हवं असेल तर लांबीत धार असलेला ए-थ्री कागद आणा आणि मधोमध कापून त्याचे दोन ए-फोर करा. धार बरोबर घडीच्या दिशेनं येते.

आता शिवण. जमेल, ताई. तीनच टाके आहेत. एका दुकानातून गोंदाची बांधणी करून घेतलेली आमच्या वडिलांच्या पत्रांची वही माझ्याकडे आहे. तिसऱ्या वाचनाला तिची मधली पानं हातात आली. तशा बांधणीत घड्या कापून टाकतात आणि एकेक सुटं पान केवळ कडेच्या गोंदावर धरून राहतं. शिवलेल्या वहीत प्रत्येक कागद अख्खा असतो आणि दोरा त्याच्या घडीतून जातो. म्हणून शिवाच.

आधी आठ कोरे कागद घेऊन एक कच्ची वही करा, ती बिघडली तरी चालेल. कागद एकेक दुमडा आणि घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा. मग ते एकात एक बसवा. वरून थोडा जाड, २०० ते २५० जीएसएमचा कागद मुखपृष्ठ म्हणून घाला. घडीच्या उंचीची एक पट्टी घेऊन तिच्यावर तीन खुणा करा, एक मधोमध आणि दोन कडांपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. वही उघडी धरून पट्टी घडीत ठेवा आणि आतून बाहेर दाभणानं भोकं पाडा. खाली जुन्या मासिकाचा गठ्ठा ठेवा, म्हणजे दाभण नीट आरपार जाईल. दोरा लिननचा किंवा जाड सुती घ्या. बारीक नायलॉन कागद कापतो. लांबी घडीच्या अडीच पट, म्हणजे साधारण ५३ सेंटिमीटर. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही.

सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, आत बोटभर शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत, मधोमध आहेत. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं टोक घ्या आणि तो टाका मध्ये धरून गाठ मारा. दोरा आवळताना नेहमी घडीच्या दिशेनं ओढा. स्वतःकडे, सरळ वर ओढलात तर भोकाशी कागद फाटतो. सगळी शिवण यातच आहे. डोळ्यांना त्रास होत असेल तर पांढऱ्याऐवजी लाल किंवा निळा दोरा घ्या, दिसतोही छान. भोकं पाडण्याचं काम नातीला द्या, तिची नजर तुमच्यापेक्षा तिखट असेल.

शिवून झालं की रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. आतले कागद पुढच्या कडेला किंचित बाहेर डोकावतील, पोटात कागद असल्यावर ते होणारच. धारदार पातं आणि पट्टी घेऊन कड सरळ करता येते, किंवा तशीच ठेवा. मला तशीच आवडते.

पाचाऐवजी सहा संच छापा. एखादा बिघडेल. नाही बिघडला तर सहावी प्रत तुमची.

शेवटचं पान कोरं ठेवा. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका असते, लिहिणाऱ्याचं नाव, तिथी, कोणासाठी लिहिली ते. पुष्कळ पोथ्यांत शेवटी एक श्लोकही सापडतो : 'तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्'. तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, असं पुस्तकच आपल्याला सांगतंय. तुमच्या वहीलाही पुष्पिका हवी. नाव, तारीख, गाव, 'पाचांपैकी दुसरी प्रत', आणि कोणासाठी.

बहिणीची प्रत सगळ्यात शेवटी शिवा, तोवर हात बसलेला असेल. पुष्पिका मात्र शिवण पूर्ण झाल्यावरच लिहा, वही सपाट उघडी धरून, सावकाश, आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत मिटू नका.